पाव गुण जास्तीचा

समतोलरावांनी बावीस वर्षांत तीनशे चौदा नव्या गाड्या चालवून पाहिल्या, आणि त्यांतली एकही वाईट निघाली नाही. इतकं सुदैव फार थोड्या माणसांच्या वाट्याला येतं.

ते एका मोटार-मासिकात परीक्षणं लिहीत. समतोलराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते बायकोनं ठेवलेलं. वेटरनं "चहा आणू की कॉफी?" विचारल्यावर "दोन्हींचे आपापले फायदे आहेत" असं सांगणाऱ्या माणसाशी पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईला याहून तिखट नावही सुचू शकलं असतं. तेव्हा त्यांनी हे मुकाट्यानं गोड मानून घेतलं होतं. कंपनी गाडी पाठवायची, समतोलराव ती चार दिवस चालवायचे, पाचव्या दिवशी दीड पान लिहायचे आणि खालच्या चौकटीत दहापैकी गुण द्यायचे. गाडी अगदीच मनातून उतरली तर सव्वासात. मनात भरली तर साडेसात.

कुणाला वाटेल, कंपन्यांचा दबाव असेल. छे. कंपन्यांना त्यांची भीतीच नव्हती, मग दाबायचं कशाला? समतोलरावांना कुणाचं मन मोडवत नसे, आणि या 'कुणाचं'मध्ये गाड्याही धरलेल्या होत्या. शेकडो माणसांनी खपून, रंग चढवून, काचा पुसून एक वस्तू दारात आणून उभी करायची आणि आपण तिला "चढावर धापा टाकते" म्हणायचं? ते लिहीत, "सपाट रस्त्यांवर ही गाडी विशेष खुलते." इंजिनानं कानठळ्या बसवल्या तर "इंजिन बोलकं आहे." मागे बसल्यावर गुडघे हनुवटीला टेकले तर "मागच्या आसनांत आपुलकी जाणवते." खड्ड्यातून जाताना दातांवर दात आपटले तर "सस्पेन्शन रस्त्याशी थेट संवाद साधतं." जुन्या वाचकांना ही भाषा अंगवळणी पडली होती. 'आपुलकी' दिसली की ते पान उलटत.

नव्या वाचकांचं काय, हा प्रश्न समतोलरावांना कधी पडला नव्हता. तो पडला एका शनिवारी सकाळी, ताईचा फोन आला तेव्हा.

"बाळ्या, गाडी ठरली रे. सोमवारी बुक करून टाकते."

ताई समतोलरावांपेक्षा आठ वर्षांनी मोठी. चौपन्न वर्षांच्या, सहा फूट दोन इंच उंचीच्या माणसाला बाळ्या म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती. चौतीस वर्षं तिनं गणित शिकवलं होतं आणि त्यातली एकवीस वर्षं परीक्षांचे पेपर तपासले होते. तिच्या हातून अर्धा गुण इकडचा तिकडे झाल्याचं उदाहरण अजून कुणाला सापडलेलं नव्हतं. शोधणारे पुष्कळ होते.

"अरे वा! कोणती?" समतोलरावांनी विचारलं.

"तू सांगितलीस ती."

"मी? मी कधी सांगितली?"

"तू तोंडानं कशाला सांगशील? जन्मात कधी तोंडानं काही सांगितलंयस? तुझे तीन वर्षांचे अंक काढले. छत्तीस. माझ्या गरजेच्या सगळ्या गाड्या तक्त्यात मांडल्या. जिकडे बघावं तिकडे साडेसात नाहीतर सव्वासात. पावणेआठ फक्त एकीला. गेल्या वर्षीचा अंक, पान एकेचाळीस. ती उतरत्या छपराची क्रॉसओव्हर. एवढी आवडली होती तुला आणि घरात बोलला नाहीस?"

समतोलरावांच्या हातातल्या कपातला चहा बशीत आला.

पान एकेचाळीस त्यांना विसरणं शक्य नव्हतं. त्या गाडीची मागची काच पोस्टाच्या पेटीच्या फटीएवढी होती. छप्पर मागे उतरत जाताना तिला खाली दाबून टाकत होतं, आणि काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब कुस्तीगिराच्या दंडाएवढे. मागे पाहायचा कॅमेरा फक्त महागड्या मॉडेलला. यांच्याकडे आलेलं साधं. तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या आवारातून ती मागे घेताना समतोलरावांनी सिमेंटची एक भलीमोठी कुंडी उडवली होती. कंपनीचा माणूस गाडी न्यायला आला. त्यानं चेपलेला बंपर पाहिला, समतोलरावांकडे पाहिलं आणि इतक्या प्रेमानं "होतं हो सर" म्हणाला की त्यांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानं ओरडायला हवं होतं. ओरडला नाही, म्हणून समतोलरावांनी पाचव्या दिवशी गुण लिहिताना साडेसातावर हळूच आणखी एक पाव ठेवला. काचेबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "मागच्या बाजूची रचना प्रवाशांची गोपनीयता जपते."

आणि आता ती गोपनीयता ताई घरी आणणार होती.

यात हसण्यासारखं काही नव्हतं. ताईच्या इमारतीचं पार्किंग तळघरात. उतरणीवरून खाली जायचं, वळायचं आणि आपल्या जागेत गाडी घालायची इथवर सगळं ठीक. पण बाहेर पडताना गाडी मागे घ्यायची ती एका चौकोनी खांबाला वळसा घालूनच. त्या खांबावर इमारतीतल्या प्रत्येक गाडीचा थोडाथोडा रंग होता. रंगाऱ्याचं नमुन्याचं कार्डच म्हणा ना. कसलेल्या माणसांची ही तऱ्हा, आणि ताईनं लायसन्स काढलं होतं बासष्टाव्या वर्षी, तीन महिन्यांपूर्वी.

ती पहिल्याच फेरीत पास झाली होती, आणि तीच काळजीची गोष्ट होती. ताई दुसऱ्यांदा परीक्षेला बसत नसे. लहानपणी पोहायला गेली, नाकात पाणी गेलं, बाहेर आली, केस पुसले आणि त्यानंतर तिनं पाण्यात पाय घातला नाही. एकदा विणकाम उसवलं, त्याच दिवशी सुया शेजारणीला देऊन टाकल्या. गाडी एकदा त्या खांबाला घासली की किल्ली कपाटात जाणार आणि गाडीवर कव्हर चढणार, ते कायमचं, हे समतोलरावांना स्वच्छ दिसत होतं. आणि ताईला गाडी मिरवायला नको होती. कुठे निघताना "मला सोडायला कोण येतंय?" असं विचारावं लागू नये, एवढंच हवं होतं. चौतीस वर्षं तिनं वर्गाला हजार प्रश्न विचारले; हा एक प्रश्न तिला उरलेल्या आयुष्यात कुणाला विचारायचा नव्हता.

"ताई, मी येतो," समतोलराव म्हणाले. "सोमवारच्या आत येतो. आजच येतो."

बायको गंमत बघायला बरोबर आली.

ताईच्या जेवणाच्या टेबलावर छत्तीस अंकांचा गठ्ठा होता आणि त्याच्या शेजारी तक्ता. पट्टीनं आखलेल्या रेघा, गाडीचं नाव, अंक, पान, गुण, शेरा. समतोलरावांनी दीड तासात उरकलेल्या परीक्षणांवर ताईनं चार दिवस घालवले होते. शेऱ्याच्या रकान्यात तिनं विश्वासानं उतरवून घेतलं होतं: 'आपुलकी', 'बोलकं', 'थेट संवाद'. त्या सुबक चौकटीकडे समतोलरावांना सरळ पाहवेना.

"मला वाटतं," त्यांनी घसा साफ केला, "दुसऱ्या एका गाडीचाही विचार करायला हरकत नाही. ही बघ. उभी, ऐसपैस, चहूबाजूंनी काचा. माझी मनापासून आवडती."

ताईनं तक्त्यावर बोट ठेवलं. "हिला साडेसात."

"हो, पण..."

"तिला पावणेआठ. साडेसात मोठे की पावणेआठ?"

"गुण म्हणजेच सगळं नसतं, ताई."

ताईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे वाक्य मला आजवर फक्त नापास मुलांच्या वडिलांनी ऐकवलंय."

बायकोनं बिस्किटाच्या डब्यात हात घातला आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.

"निकाल लागल्यावर तोंडी काही चालत नाही," ताई म्हणाली. "फेरतपासणी हवी असेल तर अर्ज कर. कारण लिही. हा घे कागद."

समतोलरावांनी लिहिलं, 'काही अपरिहार्य कारणांमुळे सदर गुणांचा पुनर्विचार व्हावा.' ताईनं लाल पेननं खाली रेघ ओढली आणि समासात लिहिलं, 'मोघम.' त्यांनी पुन्हा लिहिलं, 'तांत्रिक बाबी लक्षात घेता.' समासात आलं, 'कोणत्या? किती?' तिसऱ्या खेपेला त्यांनी 'एकंदर परिस्थिती पाहता' एवढं लिहून पेन खाली ठेवलं, तेव्हा ताईनं कागद उलटा करून मागे काही आहे का तेही पाहिलं.

"अहो समतोलराव," बायको बिस्कीट मोडत म्हणाली, "सांगून टाका ना कुंडीचं."

"कसली कुंडी?"

मग समतोलरावांनी सांगितलं. पोस्टाच्या पेटीची फट, कुस्तीगिराचे दंड, बंपर, "होतं हो सर", सगळं. आवाज बारीक होत होत शेवटी पाव गुणापाशी जवळजवळ बंदच पडला.

ताई म्हणाली, "म्हणजे तो पाव गुण तू गाडीला दिलाच नाहीस. स्वतःला दिलास."

"तसंच काहीसं."

"तसंच की काहीसं?"

"तसंच."

"आणि बाकीचे साडेसात?"

यावर समतोलरावांनी अंकांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. गठ्ठ्यानं काही मदत केली नाही.

"आपुलकी म्हणजे काय रे?" ताईनं तक्ता वर उचलून विचारलं.

"गुडघे हनुवटीला लागतात."

"बोलकं?"

"शेजारच्याशी बोलायचं असेल तर गाडी थांबवावी लागते."

ताईनं तक्त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रेघ मारली. चार दिवसांचं काम गेलं, पण रेघही तिनं पट्टी लावूनच मारली. "सगळा निकाल रद्द. परीक्षा पुन्हा. दोन गाड्या, तुझी लाडकी आणि ही कुंडीवाली. घेणार मी, तपासणार मी, माझ्या पार्किंगमध्ये. गुरुवारी."

"उद्याच घेऊ की."

"तयारीला वेळ नको?"

"गाड्या कसली तयारी करणार आहेत?"

"मला करायचीय," ताई म्हणाली.

गुरुवारी सकाळी समतोलराव एक गाडी घेऊन आले आणि बायको दुसरी. गाड्या कंपन्यांकडून मागवण्यासाठी ताईनं भावाला एकच अट घातली होती: रंग एकच हवा. दोन्ही पांढऱ्या. ताई तपकिरी कागद, कात्री आणि चिकटपट्टी घेऊन खाली उतरली. पुढचं चिन्ह झाकलं, मागचं नाव झाकलं, स्टिअरिंगच्या मधोमध कागद लावला, चाकांच्या टोप्यांवरही चार-चार गोल चिकटवले. मग एकीच्या काचेवर '१' आणि दुसरीच्या काचेवर '२' लिहून ती मागे सरली.

"ताई," समतोलराव म्हणाले, "मला या दोघी मैलभर अंतरावरून ओळखू येतात."

"तुला येऊ देत. तपासणार मी आहे. मला ही गाडी कोणती नि ती कोणती ओळखता येत नाही. परीक्षक असाच लागतो."

"यांचं नेमकं उलटं आहे," बायको म्हणाली. "यांना ओळखता येतं, पण सांगता येत नाही."

"तू मागे बसायचं," ताईनं भावाला बजावलं. "पर्यवेक्षक म्हणून. बोलायचं नाही, खोकायचं नाही, उसासे टाकायचे नाहीत. आणि माझ्या शेऱ्यावर मान हलवलीस तर खाली उतरवीन."

वॉचमन आपली खुर्ची घेऊन खांबाच्या पलीकडे गेला. त्यानं अशा परीक्षा पाहिल्या होत्या.

पहिला नंबर ही समतोलरावांची लाडकी. ताईनं दार उघडलं, आधी आत हात घातला, मग एक पाय, मग "आई गं" म्हणत बाकी सगळी. चार फूट अकरा इंचांच्या बाईला त्या गाडीत बसणं म्हणजे माळ्यावर चढणंच होतं. सीट पुढे ओढली, गाडी सुरू केली आणि उतरणीच्या तोंडाशी येऊन ती थांबली.

"याच्या पुढे काय आहे?"

समतोलराव नियमानुसार गप्प.

"हे सगळं बॉनेटच आहे? मग रस्ता कुठून सुरू होतो?"

समतोलरावांना ते बॉनेट फार आवडत असे. त्यांच्या जागेवरून ते एखाद्या भरदार कपाळासारखं दिसायचं. ताईच्या जागेवरून दुसरं काही दिसतच नव्हतं. खाली जाताना ती वळणावर तीनदा थांबली. जागेत गाडी घातली तेव्हा समोरच्या भिंतीपाशी एक पलंग मावेल एवढी मोकळी जागा उरली आणि गाडीचा पार्श्वभाग जाण्यायेण्याच्या वाटेवर आला. मागे घेताना खांब चुकला, पण वॉचमनला खुर्चीसकट आणखी एकदा जागा बदलावी लागली. वर येऊन ताईनं गाडी बंद केली, वहीत काहीतरी लिहिलं आणि तळहात पदराला पुसले. तळहाताला घाम होता. लाडकीची ही गत, तर पुढचीचं काय होणार?

"आता बास करूया का?" ते न राहवून म्हणाले.

"पर्यवेक्षकाला एक ताकीद," ताई म्हणाली आणि दुसऱ्या नंबरात जाऊन बसली. बसली म्हणजे खरोखर बसली. खुर्चीत बसावं तशी, चढावं लागलं नाही. मग तिनं सीटच्या बाजूचा दांडा शोधून काढला आणि तो हापशासारखा वरखाली करायला सुरुवात केली. टक टक टक टक. प्रत्येक टकेला ताई एक बोट वर येत होती. अकरा वेळा टक झाल्यावर तिनं सीट पुढे ओढली, हनुवटी उचलली, आरसा बोटभर फिरवला आणि निघाली.

मागे समतोलराव आपल्याच गुडघ्यांना मिठी मारून बसले होते. या गाडीची सगळी आपुलकी त्यांना आज मिळत होती. उतरण गेली, वळण गेलं, गाडी पहिल्याच प्रयत्नात जागेत गेली. आता खांब. गाडी मागे सरकू लागली. समतोलरावांच्या बाजूच्या खिडकीत खांबाची कड आली, मग खांबावरचा लाल रंग आला, मग हिरवा, मग तो इतका जवळ आला की हिरव्याखालचा जुना पिवळाही दिसला. त्यांनी रुमाल तोंडात धरला आणि डोळे मिटले.

काहीच झालं नाही.

डोळे उघडले तेव्हा खांब मागे गेला होता आणि ताई उतरण चढत होती, तोंडानं बारीक शीळ घालत. ताई शीळ घालते हे त्यांना बासष्ट वर्षांत, म्हणजे त्यांच्या चौपन्नात, ठाऊक नव्हतं.

"सोपी आहे," वर येऊन ती म्हणाली.

"तुला खांब दिसला?"

"न दिसायला काय झालं? एवढा मोठा खांब!"

"मागच्या काचेतून?"

"मग काय पुढच्या? बाळ्या, बरं आहे ना तुला?"

समतोलराव उतरले आणि ताई उतरताच तिच्या जागेवर शिरले. सीट तशीच ठेवून. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना आले आणि डोकं छपराला टेकलं, तेव्हा त्यांनी मान मोडून खाली घातली. इतकी खाली, की डोळे ताईच्या डोळ्यांच्या पातळीवर आले. मग आरशात पाहिलं. पोस्टाच्या पेटीची फट तिथे नव्हती. तिथे एक बेताची, आडवी, सरळसाधी काच होती, आणि तिच्यात एव्हाना वर येऊन बसलेला वॉचमन, त्याची खुर्ची आणि त्याच्या हातातलं वर्तमानपत्र असं सगळं व्यवस्थित बसलं होतं. त्यांनी सीट मागे ढकलली, खाली घेतली आणि पाठ ताठ केली. छपराची कड पडद्यासारखी खाली आली, वॉचमन गळ्यापासून वर नाहीसा झाला आणि दारांमधला जाडजूड खांब येऊन त्यांच्या कानाशी उभा राहिला. पुन्हा सीट वर आणि पुढे, मान खाली: वॉचमन आला. सीट मागे आणि खाली, पाठ ताठ: वॉचमन गेला.

"काय चाललंय?" बायकोनं बाहेरून काचेवर टिचकी मारली. "झोपाळा आहे का तो?"

समतोलराव खाली बसलेल्या सीटवर तसेच बसून राहिले. बावीस वर्षं एका सहा फूट दोन इंचांच्या माणसानं समस्त वाचकांच्या वतीनं गाड्या चालवल्या होत्या. डोक्यावर किती जागा उरते हे त्यांनी तीनशे चौदा वेळा लिहिलं होतं, पण ते डोकं कुणाचं हे एकदाही लिहिलं नव्हतं. आणि आता सगळ्यात वाईट गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. एका गाडीबद्दल ते जन्मात पहिल्यांदा धडधडीत खरं बोलले होते, बायकोच्या साक्षीनं. आणि नेमकं तेच चुकीचं निघालं होतं.

ताईनं वही मिटली. "पहिला नंबर, पाच. दुसरा, साडेसहा."

"पाच?" लाडकीसाठी समतोलरावांचा जीव तुटला.

"चढायला शिडी लागते, उतरायला धीर लागतो आणि पुढचं दिसायला आणखी एक माणूस लागतो. पाचसुद्धा हस्ताक्षराचे धरून दिलेत."

"आणि दुसरीला साडेसहाच का?" बायकोनं विचारलं.

"मागच्या सीटवर याला बघितलंस ना? घडी घातलेल्या छत्रीसारखा बसला होता. त्याचे कापले. पण मी काही मागे बसणार नाहीये." ताई दुसऱ्या गाडीच्या मागे गेली, नखानं चिकटपट्टी उचकटली आणि कागद फाडला. वाकून नाव वाचलं. मग सरळ उभी राहिली आणि खदखदून हसली. "अरे! ही तर पान एकेचाळीसच!"

समतोलरावांनी मान डोलावली. आता डोलवायला परवानगी होती.

"एवढी मोठी कबुली दिलीस, वाया गेली की रे तुझी."

"वाया कशी जाईल?" बायको म्हणाली. "मला दहा वर्षं पुरेल."

गाडी त्याच दुपारी बुक झाली. शोरूममध्ये ताईनं फक्त एक गोष्ट वाढवून मागितली: सीटचा दांडा तेल घालून हवा. विक्रेत्यानं विचारलं, "मॅडम, परीक्षणं वगैरे वाचली असतीलच?" ताईनं भावाकडे पाहिलं. "वाचली," ती म्हणाली, "पण त्यातून बरे झालो आम्ही."

पुढच्या अंकात समतोलरावांच्या पानावर दोन गाड्यांची तुलना आली. वरच्या कोपऱ्यात, जिथे त्यांचा फोटो असे, तिथे लिहिलं होतं: 'परीक्षक पहिला: सहा फूट दोन इंच, मागे वळताना मान अवघडते. परीक्षक दुसरी: चार फूट अकरा इंच, लायसन्स तीन महिन्यांचं.' खाली गुणांचे दोन रकाने होते आणि त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता. पहिल्याला जी गाडी आठ वाटली होती तिला दुसरीनं पाच दिले होते. कुंडीवालीला समतोलरावांनी स्वतःच्या रकान्यात पाच दिले. तळाशी एकच ओळ होती: 'आपली उंची मोजा आणि त्या बाजूचा रकाना वाचा.'

संपादकांचा फोन आला. "पाच? आपल्या मासिकात पाच? कंपनीला मी काय तोंड दाखवू?"

"सांगा, नवीन परीक्षक आल्यात."

"त्या समतोल आहेत ना?"

"अजिबात नाहीत," समतोलराव म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांना फार बरं वाटलं. कंपनी काही दिवस फुगून बसली. मग वाचकांची पत्रं येऊ लागली. एकानं तर आपल्या सासूच्या उंचीचा तिसरा रकाना मागितला. ती पत्रं पाहून कंपनीनं पुढची गाडी पाठवताना सोबत एक जाड उशीही पाठवली.

ताईची गाडी आली त्या दिवशी समतोलराव तिच्याआधी तळघरात जाऊन उभे राहिले. बोलावलं कुणी नव्हतं. ताई एकटीच खाली आली, गाडीत बसली, टक टक टक करत अकरा टकांनी वर आली आणि तिनं आरसा बोटभर फिरवला. समतोलराव लगेच खांबापाशी गेले आणि दोन्ही हात वर करून इशारे करू लागले: येऊ दे, येऊ दे, जरा डावीकडे, हां, थांब, थांब.

गाडी थांबली. खिडकीची काच खाली आली.

"बाळ्या, विमान उतरवतोयस का?"

"मदत करतोय. मागे खांब आहे."

"खांब दिसतोय. वॉचमन दिसतोय. तू दिसतोयस, आणि तुझ्या शर्टाचं वरून तिसरं बटण तुटलंय तेही दिसतंय. आता बाजूला हो, मला निघायचंय."

"कुठे?"

"ते अजून ठरवलं नाही," ताई म्हणाली आणि काच वर केली.

समतोलराव बाजूला झाले. गाडी खांबाला हातभर अंतरावरून वळसा घालून मागे आली, क्षणभर थांबली आणि उतरण चढून उजेडात निघून गेली. वॉचमननं खांबाचा कोपरा वाकून नीट तपासला, वर पाहिलं आणि म्हणाला, "काही नाही साहेब. नवा रंग नाही." मग त्यानं आपली खुर्ची उचलून पुन्हा खांबाच्या अलीकडे आणून ठेवली आणि वर्तमानपत्र उघडलं.